ट्रेलरचं प्लंबिंग दर हिवाळ्यात फुटतंय? पाणी कुठे अडकलंय ते आधी शोधा

गाडीमागे ओढायच्या राहण्याच्या ट्रेलरमध्ये थंडीआधी टाक्या रिकाम्या केल्या, गिझरचं पाणी सोडलं, गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत पाईप फुटू नयेत म्हणून त्यात भरायचं द्रव) पंपाने ओढून प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत वाट पाहिली. तरी थंडी सरल्यावर पहिल्यांदा पाणी भरलं की पंप थांबायचं नाव घेत नाही, सिंकखालच्या कपाटाची फळी ओली लागते, नाहीतर टॉयलेटच्या मागून बारीक धार येते. फुटलेला भाग बदलला, पुढच्या वर्षी अँटीफ्रीझच्या दोन बाटल्या जास्त ओतल्या, आणि पुन्हा तेच. बहुतेकदा जागाही तीच.

जागा तीच असते, यातच उत्तर आहे. अँटीफ्रीझ कमी पडलेलं नसतं, ते त्या जागेपर्यंत पोचलेलंच नसतं. पंपाने ढकललेलं द्रव फक्त वाहत्या वाटेनेच जातं. पाईपच्या ज्या फांदीच्या टोकाला काही उघडलं नाही, तिथलं जुनं पाणी जागचं हलत नाही. मग बाटल्या दोन वापरा नाहीतर दहा.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ट्रेलरमधला पेक्स, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा पाईप तेवढा ताण बहुतेक वेळा सोसतो, म्हणून पाईप स्वतः क्वचितच फुटतो. फुटतात त्या ताठ वस्तू: प्लॅस्टिकचे एल्बो, पंपाचं डोकं, नळाचं कार्ट्रिज, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, फिल्टरची वाटी. शिवाय फुटण्याची जागा आणि गोठण्याची जागा एकच असेल असं नाही. पाईपच्या मध्यावर बर्फाचं बूच तयार होतं आणि ते वाढेल तसं पुढचं पाणी बंद नळाकडे दाबत जातं. बूच आणि नळ यांच्यामध्ये दाब चढतो आणि तिथला सर्वांत कमजोर भाग तडकतो. त्यामुळे स्वयंपाकघरातला नळ तडकला म्हणून थंडी तिथेच शिरली असं समजून त्या कपाटात इन्सुलेशन कोंबण्यात अर्थ नाही.

फुटलेल्या भागावरून चूक ओळखा

बाहेरून पाण्याचा पाईप जोडतो त्या तोंडापाशी गळत असेल, तर कारण जवळजवळ ठरलेलं असतं. त्या तोंडात आत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो पाणी आत घेतो, बाहेर सोडत नाही. पंपाने अँटीफ्रीझ फिरवलं तर या फांदीचं टोक बंदच राहतं, म्हणून मुख्य पाईपपासून या व्हॉल्व्हपर्यंतचं पाणी तसंच साचून असतं. वर हा भाग बाहेरच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे सगळ्यांत आधी गोठणारा.

उपाय दोन मिनिटांचा आहे, पण क्रम पाळा. पंप बंद करून आतला एक नळ उघडा आणि पाईपमधला दाब घालवा. तोंडातली गोल जाळी चिमट्याने किंवा नखाने काढा. आत मध्यभागी एक छोटी दांडी दिसते. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बोथट टोकाने ती हलकेच आत दाबून धरली की अडकलेलं पाणी गळून येतं. मग आतला नळ बंद करून दुसऱ्या कोणाला तरी पंप दोनतीन सेकंद चालू करायला सांगा आणि गुलाबी धार आली की लगेच बंद. आधी दाब न घालवता दांडी दाबली तर आतली रबरी रिंग जागेवरून निसटू शकते आणि मग ते तोंड कायमचं ठिबकत राहतं. तोंड चेहऱ्यासमोर धरू नका, हे वेगळं सांगायला नको.

टॉयलेटमागे गळती असेल तर पेडल पुरेसा वेळ दाबलेलं नसतं. भांड्यात गुलाबी रंग दिसला की लोक पाय उचलतात, पण सुरुवातीचा तो रंग पाणी मिसळून फिका झालेला असतो. बाटलीतल्याइतका गडद येईपर्यंत पेडल दाबून ठेवा. टॉयलेटला हाताने धरायचा फवारा असेल तर ती वेगळी फांदी आहे, तिचा खटका वेगळा दाबावा लागतो. इथला तडा फसवा असतो: पांढऱ्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हवर केसाएवढी रेघ, कोरड्यात दिसतही नाही. दाब आला की ती उघडते आणि पाणी व्हॉल्व्हवरून ओघळून जमिनीच्या कडेला जमतं. मग लोक टॉयलेटच्या तळाचं सील बदलत बसतात. कोरडा टिश्यू पेपर वरून खाली एकेका सांध्याला टेकवत जा. जिथे तो पहिल्यांदा ओला होईल, तिथे तडा.

बाहेरचा शॉवर हे विसरण्याचं हमखास ठिकाण आहे. त्याच्या गरम आणि थंड अशा दोन्ही चाव्या उघडून दोन्हीतून गुलाबी आलं पाहिजे. शॉवरच्या दांड्यावर पाणी थांबवायचं बटण असेल तर ते उघडं ठेवा, नाहीतर नळी आणि दांडा भरलेले राहतात. सगळ्यात सोपं म्हणजे नळी आणि दांडा काढून, झटकून घरात ठेवून द्या. आतल्या न्हाणीघरातल्या शॉवरचंही तसंच.

पंपाचं डोकं किंवा पंपाआधीच्या गाळणीची पारदर्शक वाटी तडकली असेल, तर बहुतेक वेळा फक्त हवेने पाईप साफ केलेले असतात. बाहेरच्या तोंडातून सोडलेली हवा पंपात शिरत नाही. पंपातही एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे आणि तो तिला अडवतो. पंप आणि टाकी ते पंप हा तुकडा पाण्याने भरलेला राहतो. टाकी पूर्ण रिकामी करून एक नळ उघडा ठेवून पंप १५ ते ३० सेकंद कोरडा चालवा, गाळणीची वाटी फिरवून काढा, पाणी ओता, जाळी धुवा आणि ओ-रिंग (सांध्यातलं रबरी कडं) जागेवर बसली आहे हे पाहून परत लावा. तरी पंपाच्या डोक्यात थोडं पाणी उरतंच. म्हणून पंपातून अँटीफ्रीझ जायलाच हवं. हवेवर भागवायचं ठरवलं तरी पंपापुरता एक लिटर खर्च करा.

मैल्याची टाकी आतून धुण्यासाठी वेगळं तोंड असेल तर तिथलं पाणी कुठल्याच नळाशी जोडलेलं नसतं. पाईप न्हाणीघराच्या भिंतीमागून वर जातो, तिथे उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो, आणि पाईप पुन्हा खाली टाकीत उतरतो. पंपाने कितीही अँटीफ्रीझ फिरवा, इथे थेंब जाणार नाही. या तोंडातून कमी दाबाने हवा सोडा, किंवा हातपंपाने सुमारे अर्धा लिटर अँटीफ्रीझ ढकला. मैल्याच्या टाकीचा निचरा व्हॉल्व्ह आधी उघडा ठेवा, म्हणजे आतली हवा कोंडणार नाही. भिंतीमागचा उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह तडकला असला तर एरवी सगळं ठीक असतं आणि टाकी धुवायला पाईप जोडला की भिंतीमागे टपटप ऐकू येते. लक्षण इतकं नेमकं असूनही लोक छत गळतंय असं समजतात.

पाण्याचा फिल्टर असेल तर कार्ट्रिज काढा, वाटी रिकामी करा आणि अँटीफ्रीझ फिरवण्याआधी वाटी कार्ट्रिजशिवाय परत लावा. कार्बनचं कार्ट्रिज आत राहिलं तर अँटीफ्रीझची चव त्यात मुरते आणि महिनाभर चहात येते. बर्फाचं यंत्र, कपडे धुण्याचं यंत्र, भांडी धुण्याचं यंत्र यांना त्यांच्या पुस्तिकेप्रमाणे वेगळं चालवावं लागतं. नळातून गुलाबी आलं म्हणजे तिथे गेलं असं होत नाही.

गिझर आणि बायपास

सगळ्यात जास्त अँटीफ्रीझ इथे वाया जातं आणि तरी गरम पाण्याची बाजू उघडी पडते.

गिझर अँटीफ्रीझने भरायचा नसतो, रिकामा करायचा असतो. ट्रेलरमधला गिझर सहसा ६ किंवा १० गॅलनचा, म्हणजे साधारण २३ किंवा ३८ लिटरचा. बायपास न करता, म्हणजे गिझरला वळसा न घालता, अँटीफ्रीझ सोडलं तर गरम नळातून गुलाबी येण्याआधी ही सगळी टाकी भरावी लागते.

वीज आणि गॅस दोन्ही बंद करा, पाणी पूर्ण थंड होऊ द्या. पाणी आत येण्याचे मार्ग बंद करून आतला गरम नळ उघडा, मग वरची सेफ्टी व्हॉल्व्हची पट्टी उचलून दाब सोडा. त्यानंतरच खालचा प्लग खोला. गरम, दाबाखालच्या टाकीचा प्लग खोलणं म्हणजे उकळतं पाणी अंगावर घेणं आहे. काही टाक्यांमध्ये प्लगलाच लांब अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी) जोडलेला असतो. तो झिजून तार दिसू लागली असेल तर याच वेळी बदला. नायलॉनचा प्लग असेल तर तिथे धातूचा लावू नका आणि पान्याने जोर करू नका, आटे गेले की टाकीच गेली. पाणी निघाल्यावर तळाला एकदोन लिटर उरतं. त्याची काळजी नको, फुगायला वर अख्खी टाकी मोकळी आहे.

आता बायपास. मागच्या बाजूला एक, दोन किंवा तीन व्हॉल्व्ह असतात. तीन असतील तर गिझरचे दोन बंद आणि मधला उघडा. खटका पाईपच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा, आडवा असेल तर बंद. एकच व्हॉल्व्ह असलेल्या रचनेत गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, आणि तोच पुढे दगा देतो. अँटीफ्रीझ बायपासमधून गरम पाईपमध्ये जातं आणि तिथून हळूच उलटं गिझरमध्ये उतरतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. थंड नळातून गुलाबी आलंय, गरम नळातून मात्र नुसती हवा किंवा साधं पाणी येतंय आणि अँटीफ्रीझचा कॅन झरझर खाली जातोय. एवढं दिसलं की पंप बंद करा. गिझरचा प्लग उघडून बघा, गुलाबी येत असेल तर व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूला आहे किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह निकामी आहे. व्हॉल्व्ह बदलेपर्यंत तात्पुरता मार्ग म्हणजे गरम पाईप गिझरपासून सोडून त्याच्या टोकाला बूच लावणे.

टाकी नसलेला, लगेच पाणी तापवणारा गिझर असेल तर वरचं काही लागू नाही. त्यातल्या बारीक नळ्यांमध्ये फुगायला जागा नसते. कंपनीच्या पुस्तिकेत हवा सांगितली आहे की अँटीफ्रीझ ते पाहा, आणि पाणी आत येण्याच्या तोंडातली बारीक जाळी आठवणीने काढून रिकामी करा.

आधी हवा, मग गुलाबी

हवा की अँटीफ्रीझ हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. दोन्ही करा. आधी हवेने पाणी काढलं की अँटीफ्रीझ कमी लागतं आणि पातळ होत नाही. शिवाय बाहेरच्या तोंडाची फांदी हवेनेच रिकामी होते, कारण हवा तिथूनच आत शिरते.

कंप्रेसरचा रेग्युलेटर जोडण्याआधीच ३० ते ४० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) ठेवा, आणि हवा सोडण्याआधी आतला एक नळ उघडा. जास्त दाबाने काम लवकर होत नाही, सांधे सुटतात. इथे दाबापेक्षा हवेचा सलग झोत महत्त्वाचा. टायर भरायचा छोटा पंप दाब दाखवतो पण हवा पुरवू शकत नाही: नळ उघडला की एक फुसका आणि संपलं. पाण्याच्या वरून हवा निघून जाते, पाईपच्या झोळात पाणी तसंच राहतं. मोठा कंप्रेसर नसेल तर हवेचा टप्पा सोडून अँटीफ्रीझवर भर द्यावा, अर्धवट हवेवर भरवसा ठेवू नये.

तोंडापासून सगळ्यात लांबचा नळ आधी, मग जवळ जवळ येत. थंड वेगळा, गरम वेगळा. पाण्याची धार थांबून नुसता तुषार येऊ लागला की पुढचा नळ. सगळे झाले की दहा मिनिटं थांबा आणि पूर्ण फेरी पुन्हा करा. भिंतींवर चिकटलेलं आणि चढावरचं पाणी तोवर खोलगट भागात उतरतं, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक नळ पुन्हा थोडं थुंकतो. पहिल्या फेरीवर थांबणाऱ्यांचं पाणी इथे उरतं. तळाचे निचरा व्हॉल्व्ह, सहसा गरम आणि थंडचे दोन, पहिल्या फेरीआधी आणि शेवटी उघडा. फक्त तेवढेच उघडून पाईप रिकामे होतात हा समज मात्र काढून टाका. पाईप चाकाच्या कमानीवरून चढतो, कपाटाखाली लोंबतो, आणि प्रत्येक झोळात घोटभर पाणी धरून बसतो.

मग निचरा व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या आधीच्या तीनतोंडी व्हॉल्व्हची नळी कॅनमध्ये सोडा. साध्या ट्रेलरला ८ ते ११ लिटर पुरतं. पुन्हा लांबून जवळ, गरम-थंड वेगळे. सिंकच्या पी-ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या, पाणी धरून ठेवणाऱ्या पाईपमध्ये) प्रत्येकी पाव लिटर, शॉवरच्या खाली अर्धा. सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या टाकीत लिटर-लिटर, म्हणजे निचरा व्हॉल्व्हचं सील गोठून फाटणार नाही. टॉयलेटच्या भांड्यातही थोडं राहू द्या, रबर सुकत नाही.

अँटीफ्रीझच पातळ झालं असेल तर

लेबलवर उणे ५० लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, म्हणजे उणे ४५.६ सेल्सिअस. आणि तो गोठण्याचा अंक नाही, पाईप न फुटण्याचा आहे. हे द्रव उणे १२ सेल्सिअसच्या आसपासच भुसभुशीत व्हायला लागतं. ते अपेक्षितच आहे. चोथा होतो, पण घट्ट ठोकळा होऊन पाईपच्या भिंतीला रेटत नाही. पाइपात पाणी उरलेलं असेल तर मात्र मिश्रण पातळ होतं आणि ठोकळा होतो.

तपासायला घरचा फ्रीझर पुरे. सगळ्यात लांबच्या गरम नळातून शेवटी आलेलं थोडं द्रव झाकणाच्या पारदर्शक डब्यात अर्ध्यापर्यंत घ्या, शेजारी तेवढंच बाटलीतलं कोरं अँटीफ्रीझ ठेवा, आणि रात्रभर उणे १८ वर ठेवा. सकाळी चमचा घाला. दोन्ही भुसभुशीत तर काम झालं. नळातलं कडक आणि चमचा शिरत नाही, तर त्या फांदीत अजून पाणी आहे. डब्यावर नाव लिहा, गुलाबी रंग सरबतासारखा दिसतो.

घेताना लेबलवर प्रोपिलीन ग्लायकॉल आहे ना ते बघा. इथेनॉलवर आधारलेलं स्वस्त असतं, पण ते ज्वालाग्राही आहे आणि रबरी भाग सुकवतं. गाडीच्या इंजिनाचं कूलंट कधीही नाही. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे.

पाणी भरण्याआधी हवेने तपासा

थंडी सरल्यावर थेट पाणी सोडू नका. सगळं बंद करून पाईपमध्ये ३० पीएसआय हवा भरा, कंप्रेसर तोडा आणि १५ मिनिटं मापक बघा. काटा जागेवर असेल तर पाणी भरा. उतरत असेल तर कान लावा, साबणाचं पाणी सांध्यांना लावा. हवेने फळी कुजत नाही, पाण्याने कुजते. फुसफुस पाण्याच्या टाकीतून येत असेल तर तडा नाही, पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा मागे सोडतोय. तोच व्हॉल्व्ह बिघडला की बाहेरचा पाईप जोडल्यावर टाकी आपोआप भरू लागते, किंवा कोणी नळ उघडलेला नसताना पंप मध्येच दोन सेकंद चालतो.

पंप चालतोय पण पाणी ओढत नाही, अशी तक्रार याच दिवसांत येते. तीनतोंडी व्हॉल्व्ह अजून कॅनच्या नळीकडे वळलेला असतो आणि पंप कपाटातली हवा ओढत बसतो. तो फिरवूनही ओढत नसेल तर गाळणीच्या वाटीची ओ-रिंग दुमडलेली असते. ओढणाऱ्या बाजूच्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून तिथे ओल दिसत नाही.

गुलाबी रंग आणि फेस जाईपर्यंत पाणी वाहू द्या, मग टाकीत प्रत्येक ६० लिटरला ६० मिलिलिटर साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून सगळ्या नळांतून फिरवा. चार तास ठेवा, धुऊन काढा, मग फिल्टरचं कार्ट्रिज लावा. बायपास उलटवल्यावर गरम नळातून सलग, हवेचे धक्के न देता धार येईपर्यंत गिझरची वीज चालू करायची नाही. कोरड्या टाकीत कॉइल काही सेकंदांत जळते. म्हणून थंडीआधी गिझर रिकामा करतानाच त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाका, आणि ती धार सलग आल्यावरच काढा.